उतरायला एसटी

वहिनींची धाकटी शिडीघाटाने भीमाशंकर चढणार, ही बातमी आमच्या गल्लीत सगळ्यांत शेवटी कळली ती वहिनींनाच. पोरीने मोबाइलवर स्टेटस ठेवलं होतं आणि आईचा नंबर तेवढा वगळला होता. मला दिसलं, माझ्या सुनेला दिसलं, समोरच्या नानांना दिसलं. मी आपली कुंपणाशी मोगऱ्याला पाणी घालत होते. सहज म्हटलं, "वहिनी, धाकटीचे नवे बूट झकास आहेत हो."

"कुठले बूट?"

झालं! त्या दिवशी मोगऱ्याला आठवड्याचं पाणी मिळालं.

आम्ही दौंडला राहतो. आमच्या आणि वहिनींच्या घरामध्ये तारेचं कुंपण आहे, त्यावर गुळवेल चढलीय, आणि मधल्या सिमेंटच्या खांबाचं डोकं चहाचा कप ठेवण्यापुरतं सपाट आहे. गल्लीच्या बातम्यांना एवढी सोय पुरते. वहिनींचं माहेर शिरूर तालुक्यात, टाकळी हाजीकडे. लग्न होऊन इथे आल्याला जमाना झाला, पण गल्लीत त्या अजून 'शिरूरच्या वहिनी'च आहेत. शिरूरचं पाणी, शिरूरची भाकरी, शिरूरची माणसं यांचं कौतुक ऐकवल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नाही. मग नानांनी, "पण तुमच्या शिरूरला अजून रेल्वे नाही आली ती," असं म्हणायचं, हेही ठरलेलं. नाना रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तरी गाड्यांची वेळापत्रकं आणि शेजाऱ्यांची येणी-जाणी त्यांना तोंडपाठ असतात.

ही गोष्ट 2025च्या फेब्रुवारीतली. शिवरात्र 26 तारखेला, बुधवारी आली होती. निम्मी गल्ली प्रयागराजच्या कुंभमेळ्याला गेलेली, किंवा रिझर्वेशन मिळालं नाही म्हणून घरात चिडून बसलेली. उरलेली 'छावा' बघून आलेली. त्या सिनेमाने पोरांना वेडच लावलं होतं. पेडगावचा बहादूरगड आमच्यापासून फार लांब नाही, भीमेच्या पलीकडच्या काठाला. कैद केलेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे आणलं ते तिथे. आणि महाराजांची समाधी वढू बुद्रुकला, म्हणजे वहिनींच्या तालुक्यात. जन्मात तिकडे न फिरकलेली पोरं मोटारसायकली काढून निघाली. धाकटीच्या कॉलेजातल्या टोळक्याचं पेडगाव झालं, वढू झालं, आणि मग कुणीतरी म्हणालं, सपाटीवर किती दिवस फिरायचं? भीमाशंकर करू. शिवरात्रीला मुंगीला शिरायला जागा नसते, म्हणून आधीचा रविवार धरला, 23 तारीख. गाडीने नाही हं, कोकणातून. कर्जतजवळच्या खांडस गावातून चढायचं.

"आणि हा शिडीघाट म्हणजे काय असतं ताई?" वहिनींनी मला विचारलं.

"शिड्या असतात. लोखंडी. कड्याला लावलेल्या."

"खालनं कोण धरतं?"

मला हसू आवरेना. पण त्यांना खरंच उत्तर हवं होतं. घरात माळ्यावर चढायचं तरी त्या खाली कुणाला तरी उभं करतात.

एवढ्यात नाना आले. बोलावलं नव्हतं, पण आमच्या कुंपणाला आमंत्रण लागत नाही. त्यांनी खांबावरचा कप बाजूला सारला आणि गुळवेलीच्या पानांवर बोटाने नकाशाच मांडला. खांडसहून वर जायच्या वाटा दोन. गणेशघाटाची वाट लांबची, वळसा घालून जाणारी, पण पोराबाळांनाही जमणारी. शिडीघाटाची वाट जवळची आणि अंगावर येणारी, मधल्या कातळटप्प्यांवर शिड्या. दोन्ही वाटा वरच्या पठारावर पदरवाडीपाशी एक होतात आणि तिथून पुन्हा रानातून खडी चढण, थेट देवळापर्यंत. एकूण 800 ते 900 मीटर चढायचं. पावसाळ्यात शिडीघाटात पाणी कोसळतं, तेव्हा शहाणी माणसं गणेशघाटाने जातात.

"आता कुठं पाऊस?" वहिनी म्हणाल्या.

"तेच तर," नाना म्हणाले. "आता पाऊस नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं, वाट मोकळी."

नानांचं हे बोलणं मला तेव्हाच पटलं होतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे थंडी संपतानाच्या डोंगराला कुणी मोजतच नाही. पावसाळ्यात पोलीस वाट अडवतात, वर्तमानपत्रं ओरडतात, घरचे शपथा घालतात. माघात कुणी काही बोलत नाही. हवा छान आहे, आकाश निळं आहे, जा. आणि त्या छान हवेतच डोंगर सगळ्यांत कोरडा, सुटा आणि घसरडा झालेला असतो.

वहिनींना मात्र वेगळंच सुचलं. "म्हंजे आपली भीमा निघती ते भीमाशंकर ना?"

"तेच."

"आन् घोड?"

घोड नदी आहुप्याच्या डोंगरात उगम पावते. कुकडी नाणेघाटाकडून येते. कुकडी घोडीला मिळते, घोड भीमेला. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट, सगळं एकाच लांबलचक कड्याच्या माथ्यावर. म्हणजे वहिनींचं माहेरचं पाणी आणि सासरचं पाणी एकाच भिंतीवरून उतरतं आणि वाटेत एक होतं. हे कळल्यावर वहिनींचा भीमाशंकराशी एकदम घरोबा झाला. "मग काय हो नाना, आम्ही तर रोजच डोंगर पितो," म्हणाल्या. शिरूरचं पाणी भारी की दौंडचं, हा वाद त्या दिवसापुरता मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाला, ते सोडा.

टाकळी हाजीला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पलीकडचा काठ निघोजचा, पारनेर तालुक्यातला, म्हणून लोक 'निघोजचे रांजणखळगे' म्हणतात, आणि वहिनी प्रत्येक वेळी त्यांना दुरुस्त करतात. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गोल गोल फिरत राहतात आणि वर्षानुवर्षं काळ्या पाषाणाला आत कोरत जातात, त्याचे हे रांजण. फेब्रुवारीत पाणी ओसरलं की पात्रातला दगड उघडा पडतो. वहिनींचं बालपण त्या दगडांवर गेलं. "पाण्याने घासलेला काळा दगड वाळला तरी त्याच्यावर पाय ठरत न्हाय," त्या म्हणाल्या. "वल्ल्या दगडावर माणूस जपून तरी चालतं. वाळक्यावर बिनघोर जातं आन् आपटतं." ओढ्याच्या घळीतून चढणाऱ्या कुठल्याही वाटेला हे तंतोतंत लागू आहे. धाकटीने त्याच्यावर "हो गं मम्मी" म्हटलं, ज्याचा अर्थ घरोघरी एकच असतो.

मग वहिनींनी अट घातली. आधी भुलेश्वर पायी चढून दाखव. ते जमलं तर भीमाशंकर.

भुलेश्वर आमच्याच पंचक्रोशीतला. यवत दौंड तालुक्यात, देऊळ मात्र पुरंदर तालुक्यातल्या माळशिरसच्या हद्दीत. सिंहगडापासून पूर्वेला जी डोंगररांग निघते तिला भुलेश्वर रांगच म्हणतात. दिवेघाट, मल्हारगड, सगळे तिच्याच अंगाखांद्यावर. यवतकडून डांबरी रस्ता थेट वर जातो, गाड्या देवळापर्यंत पोचतात. पण परीक्षा म्हटल्यावर रस्ता कसला! आम्ही मधूनमधून रस्ता सोडून शेळ्यांच्या वाटेला लागलो. मी कशाला गेले? कारण वहिनी एकट्या गेल्या असत्या तर मायलेकींनी काय केलं ते मला कोणी सांगितलं असतं?

पहाटे घरातून निघताना स्वेटर होता. दहा वाजता स्वेटर कमरेला बांधला होता. अकराला वाटलं, हा आणलाच कशाला? आमच्या बाजूला फेब्रुवारीत हे असंच. पहाटे पारा 12-13ला असतो आणि दुपारी 33-34 गाठतो. एका दिवसात दोन ऋतू. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत जाते म्हणतात, पण त्या वर्षी ती निरोप घ्यायलाही थांबली नव्हती. महिना संपल्यावर हवामान खात्यानेच सांगितलं की 1901पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यांत उष्ण फेब्रुवारी हाच. आम्हाला ते भुलेश्वराच्या उतारावर आधीच कळलं होतं, फक्त आकडा माहीत नव्हता.

चढताना काही वाटलं नाही. उतरताना मात्र पहिल्याच वळणावर धाकटीचा पाय गेला. त्याला डोंगर चढणारे घसारा म्हणतात. पावसाळ्यात चिकट असलेली माती आता भुगा झालेली असते, तिच्यातले मुरमाचे खडे सुटे झालेले असतात, आणि त्यावर वाळलेलं गवत लोळलेलं असतं. वरून सगळं घट्ट दिसतं. पाऊल ठेवलं की खालचे खडे पायासकट निघतात. आठ हजारांचे बूट घालून पोरगी बुडावर बसली होती. आणि तिच्या शेजारून एक आजीबाई टायरच्या चपला घालून, डोक्यावर काटक्यांची मोळी घेऊन, गप्पा मारत खाली निघून गेली.

"ते बघ," वहिनी म्हणाल्या. "ती तिरकी चाललीय."

खरंच. आजीबाई नाकासमोर उतरतच नव्हती. पाऊल आडवं टाकायची, गुडघा किंचित वाकलेला, वजन मागे नाही तर पायावर. घाबरलं की आपण मागे कलतो, आणि मागे कललं की टाच सुटते. वहिनींनी हे धाकटीला तिथल्या तिथे करून दाखवलं, नऊवारीत नाही, गाऊनवर ओढणी अशा वेषात, आणि वाटेवरच्या दोन मोटारसायकली बघायला थांबल्या.

देवळाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर देव रागावेल. बाहेरून घुमट आणि भिंती बघून देऊळ आहे असं वाटतच नाही. आत शिरायचा जिना अरुंद, अंधारा. आणि आत गेलं की काळ्या दगडातलं यादवकाळचं कोरीव काम. बऱ्याच मूर्ती फोडलेल्या आहेत, ते बघवत नाही. साडी नेसलेला गणपती, म्हणजे वैनायकी, वर बघितल्यावर दिसते. ती शोधायची असते. भोवती दौलतमंगळ किल्ल्याचे बुरूज-तट उरलेत. पुणे बेचिराख करून तिथे गाढवाचा नांगर फिरवणारा आदिलशाही सरदार मुरार जगदेव, त्यानेच 1630च्या सुमारास हा किल्ला बांधला. पिंडीखाली पेढे ठेवले की एखादा कमी होतो, अशी श्रद्धा आहे. आमचा एक कमी झाला. वहिनी म्हणाल्या देवाने खाल्ला. धाकटीच्या ओठाला काय लागलं होतं ते मी पाहिलं, पण मी कशाला बोलू?

घरी आल्यावर खरा कार्यक्रम. ओट्यावर बसून मोज्यातली कुसळं काढायची. धाकटीचे मोजे लोकरी, महागाचे, घामाचा वास न येणारे वगैरे. त्यांत एवढी कुसळं रुतली होती की मोज्याचा रंग कळेना. ओढली तर तुटत होती आणि टोक आतच राहत होतं. वहिनींनी त्यातलं एक अख्खं कुसळ निवडून काढलं, उन्हात धरलं. खाली टाचणीसारखं टोक, त्यावर मागे वळलेली बारीक तांबूस लव, आणि वर लांब काळसर शेपटी, पीळ घातलेली. "आता गंमत बघा ताई." त्यांनी तळहातावर पाण्याचा थेंब घेतला, त्यात शेपटी भिजवली. क्षणभर काही नाही. मग ते कुसळ हातावर आपोआप वळवळायला लागलं. पीळ उलगडत होता, आणि उलगडता उलगडता टोक हळूहळू फिरत होतं. माझी सून किंचाळली.

कुसळी गवताची ही करामत. बी जमिनीवर पडलं की दव पडून शेपटीचा पीळ सुटतो, उन्हाने पुन्हा बसतो, आणि प्रत्येक फेऱ्याला टोक मातीत थोडं थोडं शिरतं. मागे वळलेल्या लवेमुळे ते परत वर येत नाही. माती नसेल तर मोजा चालतो, शेळीची कातडीही चालते. "मेंढरांच्या तोंडात शिरतात, डोळ्यात जातात, बिचारी चरायची बंद होतात," वहिनी सांगत होत्या. लोकरीचा मोजा म्हणजे कुसळाला मऊ जमीनच. त्यांचा उपाय साधा: मोज्यावरून जुनी नायलॉनची पँट, तिचे पाय खाली दोरीने बांधलेले. नायलॉनवर कुसळ ठरत नाही. धाकटीने तोंड वाकडं केलं. फोटोत कसं दिसेल!

नाना समोरच्या ओट्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायची सवय असलेल्या गल्लीत हे काम फार वेळ चालायला नको."

त्यानंतर आठवडाभर कुंपणावर दुसरा विषय नव्हता. पाण्यापासून सुरुवात झाली. पावसाळ्यात डोंगरात जिथे तिथे ओहोळ असतात, म्हणून पोरं एक बाटली घेऊन जातात. माघात झरे आटतात, गडांवरच्या टाक्यांचं पाणी तळाला जातं आणि हिरवं होतं. माणशी तीन-चार लिटर पाठीवरूनच न्यायचं, आणि वाटेतल्या वाडीत विचारायचं की विहिरीला पाणी आहे का. विचारल्याशिवाय पोहरा टाकायचा नाही. वाडीतल्या बायांना ते पाणी उन्हाळाभर पुरवायचं असतं, हे वहिनींनी दोनदा सांगितलं. मला त्यांचं हे फार आवडलं.

मग आग्या मोहोळ. थंडी सरता सरता काटेसावर, पांगारा, पळस फुलतात, करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं येतात, आणि कड्यांच्या कपारीत आग्या माश्यांची मोहळं लोंबायला लागतात. शिवनेरीसारख्या गडावरसुद्धा या माश्यांनी माणसं फोडून काढलेली आहेत. कारणं ठरलेली: कुणी खाली धूर केला, कुणी दगड मारला, कुणी अत्तराचा फवारा मारून गेला. वहिनींचं म्हणणं, माशी चावली तर तिला मारायचं नाही, वासाने बाकीच्या येतात. तोंड-डोकं कापडात गुंडाळायचं आणि दाट झुडपात किंवा गावाकडे पळायचं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, वर घिरट्या घालत वाट बघतात. काटा रुतलेला दिसला की लगेच काढायचा, दुसरं माणूस हळद शोधायला जाईपर्यंत थांबायचं नाही. आणि खूप ठिकाणी चावल्या, धाप लागली, तोंड सुजलं, तर सरळ दवाखाना.

वणव्याचं मात्र वहिनींना एवढं वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी वणवा म्हणजे दूर डोंगरावर रात्री दिसणारी लाल रेघ. तेव्हा नानांनी आठवण करून दिली ती तामिळनाडूतल्या कुरंगणीची. 11 मार्च 2018, थेनी जिल्ह्यातला डोंगर, ट्रेकला गेलेली तरुण मुलंमुली उतरत होती आणि वाळक्या गवताच्या आगीत सापडली. वीसहून अधिक जण गेले. कुंपणावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वहिनी म्हणाल्या, "गवत कंबरेएवढं असंल तर तिथं बसून डबा खायचा न्हाय. जेवायला उघडा खडक बघायचा." आणि बिडी-सिगरेटवाला पोरगा टोळक्यात असेल तर त्याचं लायटर घरी ठेवून घ्यायचं. कोण तो, हे आम्हाला माहीत होतं, आणि त्याच्या आईला माहीत नव्हतं. असंच असतं.

बिबट्याचाही विषय निघाला. माझ्या सुनेने भीत भीत विचारलं, भीमाशंकरच्या अभयारण्यात बिबटे असतील का? वहिनी अशा हसल्या की गुळवेल हलली. "बिबट्या बघायचा तर आमच्या माहेरी चल की. उसात." शिरूर-जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बिबट्याने उसातच संसार थाटलाय. तोडणीला कोयता घातला की बछडी सापडतात, रात्री पाणी धरायला बाप्या एकटा जात नाही, अंगणातली लहान पोरं अंधार पडायच्या आत घरात घेतात. तिथे माणसं गेलीत. वहिनींचा भाऊ मळ्यात जाताना गळ्याशी मफलर आणि हातात काठी घेऊन मोबाइलवर गाणी लावून चालतो. त्यामुळे त्यांना अभयारण्यातल्या बिबट्याचं काही वाटत नाही. तिथे निदान त्याला खायला भेकर-डुक्कर आहे, म्हणाल्या.

एवढ्यात पुण्याहून वहिनींच्या बहिणीचा मुलगा येऊन गेला, आणि त्याने सगळ्यांना गप्प केलं. तो डिसेंबरात उत्तराखंडमध्ये केदारकंठा करून आला होता. सांक्रीहून चढायचं, 3,800 मीटर, बर्फात. मोबाइलवर फोटो दाखवत होता. त्याचं म्हणणं, आपल्या डोंगरात काय आहे? तिकडे पहाटे दोनला निघायचं, कारण रात्रीचा बर्फ टणक असतो, बुटांना साखळ्या लावून त्यावर चालता येतं. दुपारी तो विरघळून भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत जातो. वहिनींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "उतरताना पडलास का?" तो म्हणाला, हो, पण बर्फ मऊ असतो. "मुरूम न्हाय मऊ," वहिनी म्हणाल्या, आणि त्याला लाडू दिला.

आता नानांचा निर्णय. तो मी इथे सविस्तर देते, कारण पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच. नाना म्हणाले, "माझी नोकरी बोरघाटात गेली. वर येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर जोडतात, म्हणजे जादा इंजिनं, ती ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात. लोकांना वाटतं, घाटात काळजी चढणीची. पण खाली जाणारी गाडी मंकी हिलला, ठाकूरवाडीला मुद्दाम थांबवतात, ब्रेक लागतात की नाही ते बघतात, मगच पुढे सोडतात. चढताना गाडी फार तर थांबेल. उतरताना सुटली तर?" मग धाकटीकडे वळून, "तुला मागून ढकलायला चार मैत्रिणी आहेत. ब्रेक आहे का?"

धाकटी गप्प. भुलेश्वराच्या वळणावर ब्रेक किती लागला होता ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मग ठरलं. चढायचं पायी आणि उतरायचं एसटीने. भीमाशंकरहून मंचर, राजगुरुनगरमार्गे पुण्याला गाड्या असतात. चढून गेलं, दर्शन घेतलं, एसटीत बसलं, पुण्याहून दौंडची गाडी. शिडीघाट की गणेशघाट, हे खांडसच्या लोकांना विचारून, सकाळी वाट कशी आहे ते बघून. आणि अंधारातच निघायचं, म्हणजे वरची चढण उन्हाआधी मागे पडेल. धाकटीच्या टोळक्यात या ठरावावर बरंच रणकंदन झालं म्हणे. एसटीने उतरलं तर तो ट्रेक कसला, असं एकाचं मत होतं. आम्हा तिघांना त्या मताशी काही देणंघेणं नव्हतं.

रविवारी रात्री पोरं परत आली, आणि सोमवारी सकाळी कुंपणाला उभं राहायला जागा नव्हती. धाकटी बोलत होती आणि वहिनी पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात मध्ये पडत नव्हत्या. शनिवारी संध्याकाळी कर्जतला उतरून कशेळेमार्गे खांडस. रात्री एका घरी पिठलं-भाकरी, ओसरीत झोप. पहाटे थंडी वाजत होती. त्या घरच्या दादांनी सांगितलं, शिडीघाटात पानगळ बसलीय, पायऱ्या दिसत नाहीत, नवख्यांनी गणेशघाटाने जा. मुकाट्याने गेले. वरच्या रानात वाळल्या पानांचा एवढा थर होता की प्रत्येक पावलाला चुरचुर आवाज. पानाखाली दगड आहे की खड्डा, कळत नाही. काठीने आधी टोचून बघायचं, मग पाय. शेकरू दिसली, झाडावरून झाडावर गेली, फोटोत आली ती फक्त शेपूट. साडेदहाला देवळात. त्यानंतर उन्हाचा असा तडाखा की रांगेतले लोक फरशीवर नाचत होते.

आणि ज्याला एसटीचा ट्रेक मान्य नव्हता तो? तो आणि त्याचा एक जोडीदार शिडीघाटानेच खाली उतरले. दुपारी बाराला. पाणी पदरवाडीच्या अलीकडेच संपलं. शिड्या नीट उतरले, त्यांना काही झालं नाही. शिड्या संपल्यावर, आता काय राहिलं म्हणून, हात सोडून चालायला लागला, आणि पानांवरून जो घसरला तो दहा-बारा फूट बसूनच. हाडं शाबूत. पँट मात्र मागून अशी फाटली की कर्जतपासून पुण्यापर्यंत आणि पुण्यापासून दौंडपर्यंत, रविवारच्या गर्दीत बसायला जागा मिळूनही, तो पाठीला सॅक लावून दाराशी उभा होता. एका काकूंनी आपणहून जागा देऊ केली. नको म्हणाला. व्यायाम आहे, म्हणाला.

वहिनींनी त्याच्यासाठी हळद-तेल पाठवून दिलं आणि सोबत निरोप, नायलॉनची जुनी पँट आमच्याकडे आहे. कोण तो, हे मी काही सांगणार नाही. त्याची आई माझ्याकडे भिशीला येते, आणि तिला अजून वाटतं की ती पँट धोब्याने फाडली.